टीव्हीला बिनतारी हेडफोन कसे जोडावेत, म्हणजे नानांना स्पष्ट ऐकू येईल आणि बाकीच्यांचाही आवाज बंद होणार नाही?

गिरणाकाठ, भडगाव

नमस्कार. घरच्या टीव्हीला बिनतारी हेडफोन जोडण्याविषयी जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. परिस्थिती जरा सविस्तर मांडते, कारण दुकानात विचारले की प्रत्येक जण आपल्याकडे जे आहे तेच पुढे करतो आणि आमची नेमकी अडचण कोणी ऐकून घेत नाही.

माझे सासरे, आमचे नाना, ७४ वर्षांचे आहेत. गेल्या काही वर्षांत त्यांना कमी ऐकू येऊ लागले आहे. त्यांचे म्हणणे असे की टीव्हीचा आवाज कानावर पडतो, पण माणूस काय बोलला ते उमगत नाही, आणि म्हणून ते आवाज वाढवत नेतात. त्यात मार्च लागला की कूलर सुरू होतो. आपल्याकडचा उन्हाळा पाहता पाऊस पडेपर्यंत तो बंद करण्याचा विचारही कोणी करत नाही, आणि त्याच्या घरघरीवर मात करण्यासाठी टीव्ही आणखी मोठा होतो. मुलगी यंदा बारावीला आहे आणि तिची खोली बैठकीच्या खोलीला लागूनच आहे. सकाळचे कीर्तन, संध्याकाळच्या बातम्या आणि क्रिकेटचा सामना एवढाच नानांचा विरंगुळा असल्यामुळे त्यांना टीव्ही बंद करायला सांगणे मला योग्य वाटत नाही.

आमचा टीव्ही स्मार्ट आहे आणि त्यात ब्लूटूथ आहे. वाहिन्या डिशच्या सेट-टॉप बॉक्सवरून येतात आणि तो बॉक्स एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलेला आहे. माझ्या मोबाइलचे ब्लूटूथ हेडफोन टीव्हीला जोडून पाहिले, तेव्हा दोन गोष्टी लक्षात आल्या. पहिली अशी की बातमीदाराचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. सामन्यात चेंडू सीमारेषेकडे निघाल्यावर बॅटचा आवाज येतो. विशेष म्हणजे टीव्हीतल्याच ॲपवर एखादा कार्यक्रम लावला तर हा फरक जवळजवळ जाणवत नाही. दुसरी अशी की हेडफोन जोडताच टीव्हीचा स्वतःचा आवाज बंद होतो. मग शेजारी बसलेल्या सासूबाईंना काहीच ऐकू येत नाही, आणि दोघे संध्याकाळी बरोबरच टीव्ही पाहतात.

आवाज ओठांबरोबर यावा, नानांना त्यांच्यापुरता मोठा आणि सासूबाईंना साधारण आवाज मिळावा, आणि नानांना रोज मोबाइल किंवा मेनू न उघडता तो वापरता यावा, इतकीच अपेक्षा आहे. हे एकाच जोडणीत शक्य आहे का?

तापीकाठ, भुसावळ

ताई, मी टीव्ही आणि सेट-टॉप बॉक्स दुरुस्तीचे काम करतो. आपण मागितलेल्या तिन्ही गोष्टी एकाच जोडणीत शक्य आहेत, मात्र त्यासाठी टीव्हीतल्या ब्लूटूथचा मोह सोडावा लागेल. तो का सोडावा, हे आधी सांगतो, कारण कारण कळले तर दुकानात फसगत होत नाही.

ब्लूटूथवरून आवाज जसाच्या तसा जात नाही. आधी तो आकसून छोट्या तुकड्यांत बांधला जातो, मग हवेतून पाठवला जातो, हेडफोनमध्ये काही तुकडे साठवून ठेवले जातात, म्हणजे मधला एखादा हरवला तरी आवाज तुटू नये, आणि शेवटी तो पुन्हा उलगडला जातो. या आकसण्या-उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एसबीसी नावाचा कोडेक प्रत्येक ब्लूटूथ हेडफोनमध्ये असावाच लागतो, आणि बहुतेक टीव्ही तोच वापरतात. त्यात या साऱ्या खटाटोपाला सहसा १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या बीटी.१३५९ या शिफारशीत म्हटल्याप्रमाणे आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंद पुढे किंवा १२५ मिलिसेकंद मागे गेला की प्रेक्षकाला तो फरक जाणवू लागतो. निसर्गात आवाज उजेडाच्या मागूनच येतो, त्यामुळे मागे पडलेला आवाज आपण थोडा जास्त सहन करतो, पण २०० मिलिसेकंद ही त्या सहनशीलतेच्या पलीकडची गोष्ट आहे.

ॲपवर हा फरक का दिसत नाही, हे आपण अगदी अचूक टिपले आहे. ॲपमधला कार्यक्रम टीव्ही स्वतः चालवत असतो. हेडफोनपर्यंत आवाज पोहोचायला किती वेळ लागेल याचा त्याला अंदाज असतो, म्हणून तो चित्रच तेवढे थांबवून दाखवतो आणि दोन्ही जुळतात. सेट-टॉप बॉक्सकडून एचडीएमआयमधून येणारे चित्र मात्र बहुतेक टीव्ही आले तसे दाखवून टाकतात आणि आवाज मागून येत राहतो. आपल्या मेनूमध्ये ध्वनी-विलंबाचा पर्याय असेल, पण तो बहुधा आवाज आणखी मागे ढकलण्यासाठी असतो. आपल्याला तो पुढे आणायचा आहे, म्हणून त्याच्याशी झटापट करण्यात वेळ घालवू नये.

आता दुसरी अडचण. काही नव्या टीव्हींमध्ये स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय असते आणि ती सुलभता किंवा ध्वनी या भागात सापडते. ती सापडली तरी आपल्या घरी उपयोगाची नाही. सासूबाईंसाठी स्पीकर चालू राहील, त्याचा आवाज नानांच्या कानात हेडफोनच्या कडेने शिरेल आणि पाव सेकंदाने तोच शब्द हेडफोनमधून येईल. प्रत्येक शब्द दोनदा ऐकू आला तर चांगल्या कानाचा माणूसही गोंधळतो, मग ज्यांना मुळात शब्द ओळखण्याची अडचण आहे त्यांचे काय होईल? म्हणून घरात दोघे एकत्र बसून टीव्ही पाहत असतील, तर दिरंगाई कमीत कमी असणे ही माझ्या मते पहिली अट आहे. आवाजाची गोडी, बास, कंपनीचे नाव या गोष्टी त्यानंतर येतात.

दिरंगाई कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक, वेगळा ब्लूटूथ ट्रान्समीटर घेणे. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी अशी ही डबी असते. पण ती आणि हेडफोन या दोहोंमध्ये ॲपटीएक्स लो लेटन्सी हा कोडेक असला तरच दिरंगाई ४० मिलिसेकंदांच्या आसपास येते. दोघांपैकी एकात जरी तो नसला, तरी जोडणी गुपचूप एसबीसीवर उतरते आणि आपण होता तिथेच राहता. खोक्यावर नुसते ॲपटीएक्स लिहिलेले पुरत नाही, लो लेटन्सी हे शब्द हवेत.

दुसरा मार्ग म्हणजे खास टीव्हीसाठी बनवलेला हेडफोनचा संच. त्यात एक स्टँड असतो, तो टीव्हीला किंवा बॉक्सला केबलने जोडायचा, आणि हेडफोन त्याच स्टँडवर ठेवला की चार्ज होतो. हे संच बहुधा ब्लूटूथ वापरत नाहीत, त्यांची स्वतःची रेडिओ लहरींची पद्धत असते आणि दिरंगाई खटकण्याच्या मर्यादेच्या आत राहते. सेनहायझर कंपनीच्या आरएस मालिकेतले बरेच संच या प्रकारचे आहेत, आणि इतरांचेही आहेत. आपल्याकडच्या दुकानांत ते सहसा समोर मांडलेले नसतात, मागवावे लागतात, आणि ट्रान्समीटरच्या कितीतरी पट महाग पडतात. तरीही ज्येष्ठ माणसासाठी मी हाच पर्याय सुचवतो. स्टँडवरून उचलायचा, डोक्यावर चढवायचा, कानाजवळची चकती फिरवून आवाज हवा तेवढा करायचा आणि उठताना परत स्टँडवर ठेवायचा, यापलीकडे त्यांना काही शिकावे लागत नाही.

जोडणी कुठून घ्यायची, हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि लोक नेमके तिथेच चुकतात. टीव्हीच्या मागे हेडफोनचे छिद्र असेल, पण त्यात पिन घातली की बहुतेक टीव्हींचा स्पीकर बंद पडतो. ऑप्टिकलचे, म्हणजे प्रकाशाच्या केबलने आवाज बाहेर देणारे चौकोनी छिद्र असेल तर ते उत्तम, कारण त्यातून आवाज घेताना स्पीकर सहसा चालू राहतो आणि बॉक्स, ॲप, पेन ड्राइव्ह या सगळ्यांचा आवाज तिथून मिळतो. फक्त ध्वनीच्या मेनूत डिजिटल आउटपुट पीसीएम, म्हणजे न आकसलेला साधा आवाज, करून ठेवावे लागते. ते डॉल्बीवर राहिले, तर बहुतेक ट्रान्समीटर आणि स्टँड यांना तो आवाज उलगडता येत नाही, हेडफोन मुका राहतो आणि माणूस चांगली वस्तू बिघडलेली समजून परत करतो. तिसरी जागा म्हणजे सेट-टॉप बॉक्सची एव्ही जोडणी, म्हणजे चित्र आणि आवाज साध्या तारेने बाहेर देणारी जुन्या पद्धतीची जोडणी. बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असतानाही बहुतेक बॉक्सांच्या एव्ही जोडणीतून आवाज बाहेर पडतच असतो, टीव्हीला त्याचा पत्ताही नसतो. नाना मुख्यतः वाहिन्याच पाहत असतील, तर स्टँड तिथे जोडून टाका. टीव्हीचा आवाज सासूबाईंनी ठरवावा आणि हेडफोनचा नानांनी.

यात एकच पथ्य आहे. बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी केला, तर एव्ही जोडणीतून जाणारा आवाजही कमी होतो. म्हणून बॉक्सचा आवाज वरच्या बाजूला एकदा ठेवून द्यावा आणि खोलीतला आवाज फक्त टीव्हीच्या रिमोटने कमी-जास्त करावा. घरातल्या सगळ्यांना हे सांगून ठेवा, नाहीतर रोज संध्याकाळी नानांचा हेडफोन बंद पडल्याची हाक येईल.

पांझरा, धुळे

वरचे उत्तर जोडणीच्या दृष्टीने परिपूर्ण आहे. मी वाक्-श्रवण तज्ज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे मला नानांच्या एका वाक्याकडे लक्ष वेधायचे आहे: आवाज येतो, पण बोललेले उमगत नाही. वयोमानाने येणाऱ्या श्रवणदोषाचे हे अगदी नेहमीचे लक्षण आहे. अशा दोषात बहुधा उंच पट्टीचे आवाज आधी हरवतात. आपल्या बोलण्यात स्वरांना जोर असतो आणि ते खालच्या पट्टीत असतात, म्हणून बोलणे चालले आहे हे कळते; पण स, श, च, त, थ यांसारखी व्यंजने उंच पट्टीत आणि क्षीण असतात, आणि शब्द एकमेकांपासून वेगळे ओळखू येतात ते त्यांच्यामुळेच. सात आणि साथ, चार आणि सार यांतला फरक पुसट झाला की बातमी ऐकूनही हाती काही लागत नाही. आवाज वाढवला की ऐकू येणारे स्वरच आणखी मोठे होतात, हरवलेली व्यंजने त्या प्रमाणात परत येत नाहीत. त्यावर कार्यक्रमातले पार्श्वसंगीत आणि कूलरची घरघर यांचा थर चढतो.

हेडफोनने यात खरा फायदा होतो, आणि तो आवाज मोठा झाल्यामुळे होत नाही. स्पीकर कानाशी आल्यामुळे खोलीतला गोंगाट आणि भिंतींवरून परतणारा आवाज यांच्या तुलनेत बोलणे वर उठते, म्हणून तो होतो. कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हेडफोन घेतले तर कूलर आणखी मागे पडतो. टीव्हीच्या ध्वनी मेनूत संवाद स्पष्ट करण्याचा पर्याय असेल तर तोही चालू करून पाहावा, मात्र बॉक्सच्या एव्ही जोडणीतून आवाज घेतला तर टीव्हीच्या या पर्यायाचा हेडफोनवर परिणाम होणार नाही. टीव्हीसाठीच्या काही संचांत बोलणे उठावदार करण्याचे आणि डाव्या-उजव्या कानाचा तोल बदलण्याचे बटण हेडफोनवरच असते. ज्येष्ठांचे दोन्ही कान क्वचितच सारखे असतात, त्यामुळे खरेदी करताना या बटणाची चौकशी अवश्य करावी.

परंतु ताई, हेडफोन मागवण्याआधी नानांची श्रवणचाचणी करून घ्या, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी कान तपासावा. वयस्कर माणसांच्या कानात मळ घट्ट बसणे फार सामान्य आहे आणि तो काढल्यावर ऐकण्यात लक्षणीय फरक पडलेला आम्ही पाहतो. घरी गरम तेल टाकून किंवा काडीने तो काढू नये. पडद्याला आधीच छिद्र असेल तर तेलाने कान चिघळतो. त्यानंतर शुद्धस्वर श्रवणालेख काढला की कोणत्या पट्टीत किती दोष आहे ते कागदावर दिसते. जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जाऊन या तपासणीची चौकशी करावी. एका कानाचे ऐकू येणे एकाएकी गेले, कानातून पाणी येऊ लागले किंवा चक्कर येऊ लागली, तर मात्र हेडफोनचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एकाएकी गेलेल्या श्रवणावर उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ते परत मिळण्याची शक्यता अधिक असते.

चाचणीत श्रवणयंत्राची गरज निघाली, तर ते टाळून फक्त हेडफोनवर काम भागवू नये. टीव्ही दिवसातले काही तास असतो. नातवंडांशी बोलणे, दारावरची हाक, रस्त्यावरचा भोंगा यांसाठी हेडफोन कामाचा नाही. दारिद्र्यरेषेखालील किंवा कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठ नागरिकांना २०१७ पासून केंद्र शासनाच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेतून श्रवणयंत्र विनामूल्य मिळू शकते, हेही येथे वाचणाऱ्या इतरांसाठी नोंदवते. श्रवणयंत्र लावल्यावर टीव्हीसाठी वेगळा हेडफोन लागेलच असे नाही, कारण अनेक कंपन्या आपल्या यंत्रांसाठी टीव्हीला जोडायची डबी देतात आणि आवाज थेट यंत्रात येतो, तोही त्या माणसाच्या श्रवणालेखानुसार दुरुस्त होऊन. यंत्र कानामागचे असेल आणि त्यावरून हेडफोन चढवला तर ते शिट्टी वाजवू शकते, म्हणून हेडफोन घेण्याआधी यंत्रासह तो डोक्यावर घालून पाहावा.

शेवटी आवाजाच्या मर्यादेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्याला ४० तास ८० डेसिबल ही सुरक्षित ऐकण्याची मर्यादा मानली आहे, आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १० तास, आणि ९० पर्यंत गेल्यावर आठवड्याला साधारण ४ तासच. रोज पाच-सहा तास टीव्ही पाहणाऱ्या माणसाला ८० डेसिबलच्या आत राहणे भाग आहे. आधीच दोष असलेला कान अधिक आवाज सहन करतो असा समज आहे, तो बरोबर नाही; उरलेल्या पेशींनाही तितकीच इजा होते. काही हेडफोनमध्ये कमाल आवाज बांधून ठेवण्याची सोय असते, ती एकदा लावून द्यावी.

बोरीकाठ, अमळनेर

हेडफोनच्या बाजूने दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, तरी मला वेगळे मत मांडावेसे वाटते. नाना आणि सासूबाई बरोबर बसून टीव्ही पाहतात असे ताईंनी लिहिले आहे. त्या बसण्यात नुसता टीव्ही नसतो. सामना चालू असताना एकमेकांशी बोलणे, बातमीवर काहीतरी म्हणणे, चहा घेता का असे विचारणे हे सगळे त्यात येते. कान झाकणारा हेडफोन चढवला की नाना त्या बोलण्यातून बाहेर पडतात. आमच्या घरी आबांनी याच कारणासाठी हेडफोन वापरायचे नाकारले, आणि त्यांचे म्हणणे मला पटले.

त्याऐवजी त्यांच्या खुर्चीच्या पाठीशी किंवा हाताशी एक छोटा स्पीकर ठेवावा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत भिंतींमुळे तो फायदा थोडा कमी मिळतो, पण बारा फुटांवरचा आवाज कानापासून दीड-दोन फुटांवर आला तर टीव्ही बराच लहान ठेवूनही शब्द स्पष्ट लागतात, आणि पलीकडच्या खोलीतल्या मुलीलाही शांतता मिळते. हा स्पीकर ब्लूटूथचा घेऊ नये, कारण तापीकाठ यांनी सांगितलेला दोनदा ऐकू येण्याचा त्रास इथे हेडफोनपेक्षाही जास्त होईल. आम्ही बॉक्सच्या एव्ही जोडणीतून लांब केबल भिंतीच्या कडेने नेऊन साधा, आवाजाची चकती असलेला संगणकाचा स्पीकर लावला आहे. केबलमध्ये दिरंगाई नाही, चार्जिंग नाही.

गिरणाकाठ, भडगाव

तिघांचेही मनापासून आभार. बोरीकाठ यांचा विचार मला भावला. कूलर बंद असतो त्या दिवसांत आम्ही स्पीकर लावू. पण उन्हाळ्यात कूलर नेमका नानांच्या खुर्चीजवळच्या खिडकीत असतो, त्यामुळे स्पीकर पुन्हा मोठा करावा लागेल असे दिसते. पांझराताईंच्या सांगण्याप्रमाणे आधी कान तपासून घेण्याचे ठरवले आहे आणि नानाही तयार झाले आहेत.

मागची बाजू पाहिली. टीव्हीला ऑप्टिकलचे छिद्र नाही. बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी अशी तीन छिद्रे नाहीत, एव्ही असे लिहिलेले एकच बारीक गोल छिद्र आहे. ते चालेल का? आणखी एक. आमचे घर जुने धाब्याचे आहे, मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाडीच्या आहेत. रात्री नाना ओट्यावर खाट टाकून दारातून टीव्ही पाहतात. तिथपर्यंत हेडफोन चालेल का, आणि उन्हाळ्यात कान झाकून बसणे त्यांना सोसेल का?

गोमाई, शहादा

आमचेही घर धाब्याचे आहे, म्हणून भिंतींविषयी मी सांगू शकतो. दार उघडे असेल आणि स्टँड व हेडफोन यांच्यामध्ये मोकळी रेषा असेल, तर ओट्यापर्यंत काहीच अडचण येत नाही. जाड मातीची भिंत मध्ये आली, विशेषतः पावसाळ्यात ती ओलसर असताना, तर २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी फार क्षीण होतात, आणि ब्लूटूथ तसेच बरेचसे टीव्ही-संच याच लहरींवर चालतात. खोक्यावर लिहिलेले अंतर मोकळ्या जागेतले असते. स्टँड टीव्हीच्या मागे कोनाड्यात न ठेवता दाराकडे तोंड करून, टीव्हीच्या पुढे किंवा बाजूला ठेवावा. वाय-फायचा राउटर त्याला अगदी चिकटून नसावा. टीव्हीचे इंटरनेट ५ गिगाहर्ट्झवर लावता आले तर हेडफोनच्या लहरींशी होणारी धक्काबुक्की कमी होते.

उन्हाळ्याबाबत खरे सांगायचे तर एप्रिल-मेमध्ये दुपारी कृत्रिम चामड्याच्या गाद्या कानाला घाम आणतात. कापडी गाद्यांचा हेडफोन मिळाला तर तो घ्यावा, नाहीतर सुती आवरणे शिवून घालावीत आणि ती दर दोन-तीन दिवसांनी धुवावीत. घाम साचलेल्या कानात बुरशी धरण्याची शक्यता असते. पारा ४५ च्या वर जातो त्या दिवसांत हेडफोन खिडकीत, पत्र्याखाली किंवा टीव्हीच्या माथ्यावर ठेवू नये आणि तापलेल्या खोलीत चार्जिंगही लावू नये. लिथियम बॅटरी चार्ज करण्याची सर्वसाधारण वरची मर्यादा ४५ अंशांचीच आहे आणि उष्णतेने तिचे आयुष्य झपाट्याने घटते. स्टँड रात्री किंवा पहाटे चार्जिंगला सोयीचा पडतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीबरोबर बॉक्स आणि स्टँड हे दोन्ही त्याच्यावर आहेत ना, तेही पाहून घ्यावे.

तापीकाठ, भुसावळ

ताई, ते बारीक गोल छिद्र चालेल, पण केबल जपून घ्या. त्या एकाच ३.५ मिलिमीटरच्या छिद्रातून डावा आवाज, उजवा आवाज आणि चित्र असे तिन्ही बाहेर पडतात, म्हणून त्याच्या पिनवर तीन काळी वलये असतात. साध्या हेडफोनच्या पिनवर दोनच असतात. साधी हेडफोनची किंवा स्पीकरची केबल त्यात खोचली तर कधी एकाच बाजूने आवाज येतो, कधी नुसती घूं अशी गुणगुण येते. त्या छिद्रासाठीची, एका टोकाला ही पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी-पिवळी अशी तीन टोके असलेली केबल घ्यावी लागते. कित्येकदा ती बॉक्सच्या खोक्यातच न वापरता पडून असते, म्हणून आधी घरात शोधा.

नवी विकत घ्यायची असेल तर बॉक्स किंवा त्याचा फोटो दुकानात घेऊन जा. या पिनची अंतर्गत मांडणी सगळ्या कंपन्यांची सारखी नसते. दिसायला हुबेहूब दोन केबलींपैकी एकीत चित्राचा संकेत लाल टोकावर येतो, आणि मग हेडफोनमध्ये एका कानात बोलणे व दुसऱ्या कानात मोठी घरघर ऐकू येते. असे झाले तर काही बिघडलेले नसते. तीनपैकी दोन-दोन टोके पालटून पाहावीत. ज्या दोन टोकांतून स्वच्छ बोलणे येते ती स्टँडच्या लाल-पांढऱ्या जागी लावावीत आणि गुणगुणणारे टोक मोकळे ठेवून त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. त्या दोन टोकांवर खूण करून ठेवा, म्हणजे साफसफाईत केबल निघाली तरी पुन्हा शोधाशोध करावी लागणार नाही.

बोरीकाठ यांचा स्पीकरही त्याच जोडणीवर चालू शकतो. एकाचे दोन करणारा जोड लाल आणि पांढऱ्या टोकांवर लावला की एक वाट हेडफोनच्या स्टँडला आणि दुसरी स्पीकरला जाते. दोन्हींत स्वतःचा ॲम्प्लिफायर असल्यामुळे आवाज कमी होत नाही. एव्ही जोडणीत साधा तारेचा हेडफोन मात्र थेट लावू नये. त्या जोडणीत हेडफोन चालवण्याइतकी ताकद नसते, आवाज क्षीण येतो आणि कमी-जास्त करायला चकतीही नसते.

खरेदीआधी एक गोष्ट घरीच तपासून घ्या. केबल मिळाली की ती कोणत्याही जुन्या स्पीकरला जोडा, बॉक्सची एचडीएमआय केबल तशीच राहू द्या, आणि दोन्हीकडे एकाच वेळी आवाज येतो का ते बघा. थोडे बॉक्स असेही पाहिले आहेत की एचडीएमआय चालू झाली की एव्हीतला आवाज बंद होतो, आणि काहींच्या मेनूत त्यासाठी वेगळी निवड करावी लागते. आपला बॉक्स त्यातला निघाला, तर स्टँड टीव्हीच्या हेडफोनच्या छिद्राला लावावा लागेल. त्या वेळी टीव्हीच्या ध्वनी मेनूत हेडफोन आणि स्पीकर दोन्ही चालू ठेवण्याचा पर्याय आहे का ते पाहून इथे टीव्हीचे मॉडेल लिहा. मेनूत तो कुठे असतो ते मी सांगतो.